लिंबूटिंबू

"संगणकाने हिशेब करावेत, यान उतरवायला गेम खेळून तयार झालेला माणसाचा हातच लागतो!" हे मत ओजसने आयुष्यभर तावातावाने मांडलं होतं. अखेर ते सरकारला पटलं आणि चंद्रावर जाणाऱ्या प्रत्येक यानात माणूस चालक आला. आजच्या यानात तो स्वतःच होता.

उतरताना धुळीतून अचानक खडक समोर आला. ओजसने घाबरून दांडा उजवीकडे ओढला. यान डावीकडे वळलं आणि अलगद टेकलं. मागे प्रवाशांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

ओजस मात्र उजवीकडे ओढलेल्या दांड्याकडे बघत राहिला. लहानपणी व्हिडिओ गेम खेळताना मुक्ताताई त्याला वायर न जोडलेला रिमोट द्यायची आणि मैत्रिणींना हळूच सांगायची, "लिंबूटिंबू आहे तो." तो जीव तोडून बटणं दाबायचा आणि ताई जिंकली की स्वतःच जिंकल्यासारखा नाचायचा.

"मी लिंबूटिंबूच ना रे?" त्याने हलक्या आवाजात यानाच्या संगणकाला विचारलं.

"हो. उजवीकडे दरी होती," संगणक म्हणाला. "पुढच्या खेपेला दांडा खरंच जोडू का?"

झोपलेल्या नातीला कडेवर घेऊन एक आजी त्याचे हात कपाळाला लावायला येत होत्या.

"नको," ओजस म्हणाला, आणि त्याने हात पुढे केले.