अकरा हजार नऊशे किलोमीटर

"आता कुठवर आलाय?" आईने डोळे न उघडताच विचारलं.

"समुद्रावर आहे," धाकटी मोबाइलकडे बघत म्हणाली. "तीन हजार किलोमीटर झाले."

मोबाइलवर समुद्रही नव्हता आणि विमानही नव्हतं. होता तो दादाचा सकाळचा निरोप: रजा मिळत नाहीये, पुढच्या महिन्यात नक्की बघतो. पुढच्या महिन्यात काय बघणार, कपाळ? डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं, आजचा दिवस निघाला तरी खूप झालं. ती खोलीत परतली तर आईचा पहिला प्रश्न, "निघाला का गं तो?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हो, पहाटेच बसला विमानात." एकदा उडवलं म्हटल्यावर ते हवेत ठेवणं आलंच.

अंतर मात्र तिने शोधून काढलं होतं. अकरा हजार नऊशे किलोमीटर, चौदा तास. खोटं बोलायचं तर निदान आकडे तरी खरे असावेत.

सिस्टर आली, सलाइनची बाटली बदलून गेली. आईचा श्वास मध्येच अडकला. मग तो पुन्हा सुरू झाला, पण आधीपेक्षा बारीक.

"आता?"

"सहा हजार!" ती घाईघाईने म्हणाली. "आलाच बघ."

आईचे ओठ हलले. बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं काढलेली बाई ती. कुठलीही गाडी कुठून किती वाजता सुटली एवढं कळलं की पुढचं सगळं तोंडपाठ.

"पाऊण तासात तीन हजार?"

"वारा... वारा मागून आहे ना, आई. जोराचा."

"असेल बाई."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज येत राहिला. धाकटीला ते सहन होईना. आईला असं फसवून पाठवायचं? तिने स्टूल पुढे ओढलं. "आई, ऐक ना. दादा..."

आईने चिकटपट्ट्या लावलेला हात जरासा उचलला.

"शेवटच्या गाडीला नेहमी गर्दी असायची," आई थांबत थांबत म्हणाली. "पोरंबाळं, गाठोडी. गाडी डेपोतून हललेलीसुद्धा नसायची. मी सांगायचे, निघालीय, येतेच आहे. निवांत बसायची बिचारी."

"आणि गाडी?"

"यायची कधी. कधी नाही."

आईचा हात चाचपडत धाकटीच्या हातावर आला.

"सांग ना. आता कुठवर आलाय?"

धाकटीने दुसऱ्या हाताने डोळे पुसले. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मनातल्या मनात हिशोब केला.

"सहा हजार शंभर."

"हं. आता बरोबर," आई म्हणाली. "असाच सावकाश आण त्याला."