रस्त्याची तपासणी

रंगनाथने टेम्पो रस्त्याच्या चांगल्या बाजूला आडवा लावला आणि बॉनेट उघडून ठेवलं. समोरून तपासणीची जीप येत होती. रस्ता धड दिसला तरच देखभालीचं बिल पूर्ण निघायचं, म्हणून ठेकेदार बोराटे दर वेळी तपासणीच्या साहेबांना स्वतःच्या जीपमध्ये घ्यायचा आणि फक्त नव्या डांबरावरून फिरवून आणायचा.

"ए, हटव तुझं भंगार!" बोराटे ओरडला.

"बंद पडलंय, शेठ. पलीकडून जा की. तोही रस्ता तुमचाच आहे."

"वळवा हो पलीकडून, मला उशीर होतोय," साहेब वैतागले.

जीप वळली आणि धाडकन खड्ड्यात आदळली. बोराटेचं कपाळ काचेवर आपटलं. रंगनाथचं काळीज जरा थंडावलं.

साहेब खाली उतरले. "तक्रार आल्यावर दोन दिवसांत खड्डा बुजवायचा, असा करार आहे ना? कधीचा हा?"

"परवाच्या पावसातला, साहेब. आजच बुजवतो."

रंगनाथ हात पुसत पुढे आला. बोराटेवरची नजर न काढता म्हणाला, "साहेब, माझी बायको ह्याच खड्ड्यात गाडीवरून पडून गेली. काल तिचं वर्षश्राद्ध घातलं."