वाऱ्याकडची बाजू

साड्या आजही सुटल्या होत्या.

युसरा पानमळ्याच्या उत्तरेच्या कडेला नुसती बघत उभी राहिली. काल संध्याकाळी तिनं बांबूंना ताणून बांधलेला साड्यांचा आडोसा गायब होता. पहाटेचा गार वारा सरळ आत घुसला होता. शेवरीच्या झाडांवर चढलेल्या पानवेलींचे कोवळे शेंडे काळे पडून लोंबत होते.

साड्या मात्र बांधावर होत्या. घडी घालून.

"घडी घालून!" घरी येऊन ती ओरडली. "अम्मी, सोडायच्या त्या सोडतोय, वर घडी घालून ठेवतोय. चिडवतोय मला!"

रुबिना चुलीपुढं भाकरी थापत होती. "वाऱ्यानं सुटल्या असतील."

"वारा कधीपासनं घड्या घालाय लागला?"

"मग मळाच नशिबात न्हाय म्हण. बरंच झालं. जून लागला की धाराशिवला जा, खालाकडं, माझ्या बहिणीकडं राहा, अकरावी कर."

"तुला तेच पाहिजे!"

"व्हय, तेच पाहिजे," रुबिनानं भाकरी तव्यावर टाकली. "चोरून न्हाय बोलत मी."

पैज लावली होती युसरानंच. दिवाळीनंतर नाना, म्हणजे रुबिनाचे वडील बशीरभाई, खोकल्यानं खाटेला खिळले. गार वाऱ्यात पाऊल टाकायचं नाही, असं मुरुम गावच्या डॉक्टरांनी बजावलं. मळ्याला वाली उरला नाही. शाळेत भाषणात पहिला नंबर आल्यापासून युसराला कुणाचं भ्या राहिलं नव्हतं. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मळा मी सांभाळते. हिवाळा काढून दाखवला तर दहावीनंतर शाळा बंद, मळा माझा. न्हाय जमलं तर मुकाट धाराशिवला जाते."

रुबिनानं कपाळाला हात लावला. नाना मात्र खदखदून हसले होते. "दिला शब्द! पोरीचा हात वेलीला लागू हाय."

आडोसा त्यांनीच सुचवला. ट्रंक उघडून नानी हुसेनबीच्या साड्या त्यांनीच काढून दिल्या. "ती असताना तिनंच मळा राखला. आताबी राखंल." वाऱ्याला दाद न देणारी गाठसुद्धा त्यांनीच शिकवली. अट एकच. चपला मळ्याच्या दाराबाहेर.

हा नेम नानांनी जन्मभर पाळला होता. एकदा पानाचा व्यापारी बूट घालून आत शिरला, तर ठरलेला सौदा मोडून त्याला परत लावून दिला. "तान्ह्या लेकराच्या पाळण्यात बूट घालून चढतो का कुणी?"

आणि आता ही अशी गत. साड्या सुटत होत्या, वाफ्यामागून वाफा काळा पडत होता. गाठी कापलेल्या नव्हत्या, तुटलेल्याही नव्हत्या. कुणीतरी बसून, निगुतीनं उकललेल्या होत्या.

संध्याकाळी नानांनी रोजच्यासारखं विचारलं, "आज किती गेल्या?"

"वाऱ्याकडचा आख्खा वाफा," युसरा म्हणाली. "पर मी हरणार न्हाय, नाना. उद्या दुहेरी बांधते."

नानांनी हुंकार दिला आणि भिंतीकडं तोंड केलं.

तिनं खाटेखालून त्यांच्या चपला ओढल्या. डावीचा अंगठा तुटला होता. "अंगणात जाऊन येता तेवढ्यानं चप्पल तुटती व्हय?"

"जुनी झाली, बेटा. माझ्यावानी."

तिनं वेणीची लाल रिबीन सोडली आणि अंगठा घट्ट बांधून दिला.

"अगं, शाळंची हाय ती!"

"आता शाळा कितीशी ऱ्हायलीय?" ती हसून म्हणाली.

नाना हसले नाहीत. रिबिनीवर बोट फिरवत पुटपुटले, "हसण्यावारी शब्द देऊन बसलो."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती शेजारच्या उसाच्या फडात शिरली. बैलगाडीच्या वाटेसाठी मळ्याचा तुकडा मागून मागून दमलेला माणूस एकच होता.

"महांतप्पा काका, साड्या तुमी सोडताव!"

फडातल्या बाया कोयते थांबवून बघू लागल्या. महांतप्पाचा चेहरा पडला. "पोरी, बशीरभाईच्या ताटात जेवलेला माणूस हाय म्या. वाट मागितली, ती तोंडावर मागितली."

"मग कोण सोडतंय?"

"ते मला काय म्हाईत? उद्या फटफटायच्या आधी तुज्यासंगं येऊन बसतो. चोर गावला तर ह्या सगळ्या बायांदेखत माफी मागायची. कबूल?"

"कबूल!"

त्या संध्याकाळी तिनं साड्या दुहेरी बांधल्या. नानांना यातलं काही सांगितलं नाही. उगाच काळजीनं खोकला वाढायचा.

पहाटे धुकं इतकं दाट होतं की समोरची शेवरी दिसेना. वारा कानाला झोंबत होता. दोघं उसाच्या कडेला दबून बसले. घराकडून चुलीचा धूर येत होता, अम्मीच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. युसरानं हळूच श्वास सोडला. अम्मी नव्हती तर. मनात कुठंतरी तीही शंका होती.

महांतप्पा कुजबुजला, "दाराशी थांबून विचारू त्याला, बूट घालून आला का अनवाणी. चोराला कसला आलाय नेम?"

तेवढ्यात आत साडी सळसळली.

"आला!"

युसरा धावली. मळ्याला दार एकच होतं, चोर जाणार कुठं? मागून महांतप्पा धापा टाकत येत होता. दाराशी पोचल्यावर, एवढ्या घाईतही, सवयीनं ती चपला काढायला थांबली.

तिथं आधीच एक जोड होता. नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेला. डाव्या चपलेच्या अंगठ्याला लाल रिबीन बांधलेली होती.