खोकल्याची टेप

एकसष्टावं रेकॉर्डिंग संपलं आणि त्यातही बायकोचा आवाज नव्हता. टेपवाल्याने हेडफोन मानेवर उतरवला. समोर त्याची मुलगी बसली होती. गेले पाच रविवार ती अशीच समोर बसत होती, आणि बापाचा चेहरा पाहून तिला उत्तर कळत होतं.

तिची मागणी साधी होती. आई गेली तेव्हा ती अकरा महिन्यांची होती. आईचे फोटो होते, एक स्वेटर होता, तिच्या अक्षरातली सामानाची यादीसुद्धा जपून ठेवलेली होती. आवाज नव्हता. “मावशी म्हणते, मी बोलले की आईच बोलतेय असं वाटतं,” मुलगी म्हणाली होती. “खरं आहे का, बाबा?” तो पटकन हो म्हणाला. खरं तर त्याला तो आवाज आठवतच नव्हता. नुसत्या टाळ्यांच्या घुमण्यावरून हॉल कुठला ते सांगणारा हा माणूस, आणि बायकोचा आवाज विसरून बसला होता.

तरी त्याने छातीठोकपणे सांगितलं, सापडेल म्हणून. तरुणपणी त्याने हेवी मेटलचा एकही कार्यक्रम सोडला नव्हता. कॉलरला मटारच्या दाण्याएवढे दोन माइक, कोटाच्या अस्तरात रेकॉर्डर, आणि गर्दीत उभं राहून चोरून केलेलं रेकॉर्डिंग. लग्नानंतर बायको दर वेळी शेजारी असायची. दारावर झडती घेत, म्हणून रेकॉर्डर ती आत न्यायची. सातव्या महिन्यात तर तिने तो पोटाला बांधून नेला. पोटुशी बाईला कोण चाचपतंय?

आत गेल्यावर मात्र त्याचा नियम कडक होता. माइकजवळच्या माणसाने टाळी वाजवायची नाही, गायचं नाही, तोंडातून ब्र काढायचा नाही. आजूबाजूला हजारो लोक घसा फोडून ओरडायचे आणि ही दोघं तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी. तिला सगळी गाणी पाठ होती. ती नुसते ओठ हलवायची. अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं तो मित्रांना सांगायचा.

पण माणूस आहे, दोन गाण्यांच्या मध्ये कधी एखादा शब्द निसटायचाच. तो तरी मिळायला हवा होता. पुढे सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेताना त्याने अशी जवळची कुजबुज शोधून शोधून काढून टाकली होती, अगदी डोळ्यांत तेल घालून. मूळ कॅसेटींना बुरशी आली म्हणून त्या फेकल्या. शौकिनांमध्ये त्याच्या रेकॉर्डिंगचं नाव होतं ते या सफाईमुळेच. आता पाच रविवार तो आपलीच सफाई ऐकत होता.

शेवटी उरला खोकल्या. हाही त्या काळी सगळ्या कार्यक्रमांना यायचा, टेप करायचा, आणि त्याच्या टेपेवर गाण्यापेक्षा त्याचा खोकलाच जास्त असायचा. हे नाव त्याला टेपवाल्यानेच ठेवलं होतं. याची टेप ऐकण्यापेक्षा दवाखान्याबाहेर जाऊन बसा, असंही तो ज्याला त्याला सांगत सुटला होता. आता त्याच खोकल्याला ईमेल लिहिताना त्याला लाज वाटली. मुलीकडे पाहून त्याने लिहिलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, रेकॉर्डिंगसकट. “तुमच्या मागच्याच रांगेत होतो. वहिनी पोटुशी होत्या, तो कार्यक्रम. माझ्या टेपेतलं मी कधीच काही काढत नाही. चौथ्या गाण्यानंतर ऐका.” नावाच्या जागी त्याने खोकल्या असंच लिहिलं होतं.

या वेळी हेडफोन नको, मुलगी म्हणाली. त्याने स्पीकर लावले. चौथं गाणं संपलं. लोक ओरडले, शिट्ट्या वाजल्या, खोकल्या दोनदा खोकला. मग कोणीतरी “ए” म्हणालं. मुलीने हाक मारली असं वाटून टेपवाल्याने वर पाहिलं. मुलीचे ओठ मिटलेले होते.

“ए, ऐक ना, बाळ बघ कसं ड्रमबरोबर...”

पहिला “ए” तेवढा मोकळा होता. पुढच्या सगळ्या शब्दांवर एका पुरुषाचा आवाज चढला होता, जवळचा, चिडलेला. “गप्प बस ना! टेप चालू आहे.”

मग पाचवं गाणं सुरू झालं. दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं. अजून दीड तास कार्यक्रम चालला, खोकल्या एकोणीस वेळा खोकला, आणि ती परत बोलली नाही.

“बाबा, तुला येतं ना हे सगळं?” मुलगी म्हणाली, आणि आता तिचा आवाज ऐकणं त्याला जड गेलं. “मग त्यातला तुझा आवाज काढून टाक.”

तो कॉम्प्युटरला चिकटला. येत होते तेवढे उपाय केले, मग येत नव्हते तेही करून पाहिले. मुलीने दोनदा चहा आणून ठेवला. दोन्ही वेळा तो गार झाला. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा त्याने हात टेकले.

“माझा आवाज निघतो,” तो म्हणाला. “पण माझ्याबरोबर तीही जाते.”