चिमीचं ऑपरेशन

बेदाण्याच्या शेडवर कामाला जाणारी बयाबाई आपल्या मांजरीला, चिमीला, द्राक्षाच्या क्रेटमध्ये घालून तासगावच्या दवाखान्यात घेऊन आली. चिमी सारखी व्यायची आणि पिल्लं काही जगायची नाहीत. म्हणून शेवटी तिचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं होतं.

डॉक्टर मायानं चिमीला तपासलं. "मावशी, नुसती गुंगी देऊन भागत नाही. गुंगीत मांजर हलत नाही, पण त्याला दुखत असतं. म्हणून आधी दुखू नये म्हणून इंजेक्शन देते, मग पूर्ण भूल. घरी गेल्यावरही औषध चालूच ठेवायचं."

"आन जाग आल्यावर दुखाय लागलं तर? मुक्या जिवाला सांगता येतंय व्हय?"

"तोंडाकडं बघितलं की कळतं. ती शुद्धीवर येईपर्यंत मी शेजारीच बसते. कान पाडले, डोळे बारीक केले, की समजायचं दुखतंय. लगेच आणखी औषध द्यायचं."

बयाबाई चिमीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"माजं पोरं बंद करायचं आप्रेशन शिबिरात झालं," ती म्हणाली. दुसऱ्याच कुणाचं तरी सांगावं तसा तिचा आवाज सपाट होता. "भूल चढलीच न्हाई. मी लय वरडले, बाई. मग त्यांनी माज्या तोंडावर फडकं टाकलं."