तांबड्या चिखलाचा उजेड

साकवाच्या मधोमध हरिश्चंद्र थबकला. डोक्यावर पाट, पाटावर गणपती, गणपतीच्या तोंडावर रुमाल. आणि त्याच्या स्वतःच्या तोंडावर समोरून आलेला पांढराफेक झोत. दोन्ही हात पाटाला धरलेले. डोळ्यांवर हात आडवा धरायचा म्हटलं तर तिसरा हात आणायचा कुठून?

तिन्हीसांज नुकतीच सरली होती. खाली व्हाळ तुडुंब भरून वाहत होता. साकव म्हणजे काय, तर एक माणूस जेमतेम जाईल एवढी लादी. कठडा नावालाही नाही. दरवर्षी मूर्तिकाराच्या शाळेतून, म्हणजे गणपती घडवायच्या कारखान्यातून, बाप्पाला हरिश्चंद्रचा मुलगा कौस्तुभ आणायचा. यंदा त्याला मुंबईत सुट्टी मिळाली नाही, तेव्हा म्हातारबोवांनीच पाट उचलला. एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी हट्ट म्हणजे हट्ट!

"काय झाला ओ?" मागून नर्मदाने विचारलं. तिच्या एका हातात बॅटरी होती, दुसऱ्या हातात घंटा.

"दिसणा नाय गो. लादी खंय संपली, कायेक दिसणा नाय."

जरा खाली ठेवून दम घेण्याचीही सोय नव्हती. शाळेतून उचललेला गणपती एकदम घरच्या चौरंगावरच टेकायचा, वाटेत नाही.

समोर मोटारसायकलवर सर्वेश होता, मिठबावचा. कणकवलीहून त्याने नुकताच नवा एलईडी दिवा बसवून आणला होता. रोज फडक्याने पुसायचा, कौतुकाने लांबून बघायचा. रस्त्याने जाताना साकवावरून बाप्पा येताना दिसले आणि भक्ती अशी उचंबळून आली म्हणता! गाडी वळवून त्याने साकवाच्या तोंडाशी लावली आणि अप्पर मारला. बाप्पाच्या वाटेवर उजेड पाडायचा, याहून मोठी सेवा कुठली?

"लाईट बंद कर रे मेल्या!" नर्मदा ओरडली.

डोक्यावर हेल्मेट, खाली इंजिन, बाजूला व्हाळाचा खळखळाट. ऐकू येणार कपाळ! त्याला दिसली ती जीव तोडून घंटा हलवणारी बाई. "मंगलमूर्ती मोरया!" त्यानेही बेंबीच्या देठापासून साथ दिली.

हरिश्चंद्रने उजवा पाय पुढे सरकवला. अंगठ्याखाली लादी लागलीच नाही. पाय झटकन मागे घेताना पाट कलला, रुमाल घसरला. हातातली घंटा आणि बॅटरी टाकून तिने मागून नवऱ्याची कंबर घट्ट धरली. बॅटरी गडगडत व्हाळात गेली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण उघड्यावर असं तिने त्याला कधी धरलं नव्हतं.

तेव्हा कुठे सर्वेशच्या लक्षात आलं. त्याने घाईघाईने हेल्मेट काढलं आणि चावी बंद केली. सगळीकडे मिट्ट काळोख.

"काळोख नको रे झिला!" हरिश्चंद्र ओरडला. "उजेड व्हयो. पण डोळ्यार नको."

सर्वेशने खिशातून मोबाईल काढला. मोबाईलचा उजेड तिथवर पोचेना. गाडी चालू केली की दिवा पेटणारच, आणि त्याचा डिप्परही काही कमी झोंबत नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग वाकून शेताच्या मेरेवरचा ओंजळभर तांबडा चिखल उचलला आणि त्या लाडक्या दिव्यावर थापला. वरून आणखी एक ओंजळ. मग चावी फिरवली.

उजेड आला तो मऊ, तांबूस, देवघरातल्या समईसारखा. लादीच्या दोन्ही कडा नीट दिसू लागल्या.

"येवा काका, सावकाश. चुकला माझा."

हरिश्चंद्र एकेक पाऊल टाकत पलीकडे आला. तो पुढे, कमरेचा हात न सोडलेली नर्मदा मागे आणि तिच्या मागे पहिल्या गिअरमध्ये सर्वेश, असे ते घराशी पोचले.

दारात नर्मदाने नवऱ्याच्या पायांवर पाणी घातलं, बाप्पाला ओवाळलं. बाप्पा चौरंगावर टेकले तेव्हा दोघांनीही एकदमच श्वास सोडला. सर्वेश उंबऱ्याबाहेर ओशाळून उभा होता.

"जातंय मी, काकी."

"खंय जातंस? आधी गाऱ्हाणा ऐक. व्हय म्हणूक घरात आसा कोण?"

खरंच होतं ते. देवापुढे गाऱ्हाणं घालायला, मागणं मागायला एक माणूस पुरतो, पण प्रत्येक मागण्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणायला माणसं लागतात. यंदा घरात दोघंच.

हरिश्चंद्रने हात जोडले. "बा देवा म्हाराजा! आज तू माझ्या डोक्यार बसान सुखरूप घराक इलंस, तुझे उपकार आसत. माझो झील मुंबयत ऱ्हवलो, तर तेच्या जाग्यार तू हेका धाडलंस. हेना आपल्या नव्या दिव्याक चिखल फासून माका वाट दाखवल्यान. हेच्या डोळ्यार कधी कोणाचो झोत येव नको, हेच्या पायाखाली असोच उजेड पडांदे रे म्हाराजा!"

आता उत्तर द्यायचं. नर्मदाने तोंड उघडलं, पण गळा असा दाटला होता की शब्दच फुटेना. ती पदर डोळ्यांना लावून नुसतीच मान हलवत राहिली. हरिश्चंद्र हात जोडून तसाच उभा. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडत नाहीत.

सर्वेशने उंबरा ओलांडला. चिखलाने माखलेले हात जोडले आणि स्वतःसाठी घातलेल्या गाऱ्हाण्याला स्वतःच हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."