न विचारलेली वाट

गेल्या आठवड्यात आपण गुडघाभर उंच सोडलेले खुंट कुणीतरी जमिनीलगत कापलेले पाहून डेल्मर थबकला. त्याच्या चोरवाटेवर दुसऱ्याची करवत चालली होती.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या या उतारावर तीस वर्षं तो दर ऑक्टोबरात झाडोरा छाटून, बर्फात स्कीवरून घसरत उतरण्यापुरती वाट राखत आला होता. मोठ्या झाडाला हात लावायचा नाही. वरच्या तोंडाशी वीस पावलं झुडपं तशीच ठेवायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला सुगावा लागत नाही. आणि खुंट मातीलगत कापायचे, कारण बर्फाखाली लपलेला खुंट पाय मोडतो. दोन वर्षं झाली, यातलं शेवटचं काही जमत नव्हतं. कंबर वाकत नव्हती.

खालून करवतीचा आवाज आला. आज चोराला रंगेहाथ पकडायचंच, असं ठरवून डेल्मर आपली करवत परजत उतरला.

चोर गुडघे टेकून खुंट कापत होता. चोर म्हणजे आर्लीन कॉब, त्याची सत्तरीची शेजारीण आणि या जंगलाची मालकीण.

डेल्मरची करवत मुकाट पाठीमागे गेली.

"लपवू नकोस, दिसली," आर्लीन म्हणाली. "जंगल कुणाचं हे?"

"तुझं."

"मला कधी विचारलंस?"

"पहिल्या वर्षी विचारणार होतो. तेवढ्यात बर्फ पडला."

"तो काय, दरवर्षीच पडतो."

ती नको म्हणाली की संपलं. या वाटेशिवाय हिवाळा म्हणजे त्याला नुसती थंडी.

"पहिल्या बर्फात माझ्या आधी कुणीतरी उतरून गेलेलं असतं," त्याने विषय बदलला. "मला वाटायचं, तुझा भाऊ."

"त्याला धड जिना उतरता येत नाही. मीच ती. तू न्याहारी आटोपून येईपर्यंत मी घरी जाऊन कॉफी पीत असते." तिने करवत थांबवली. "गेल्या साली तुझ्या खुंटाला अडखळून आपटले. दोन महिने लंगडत होते."

डेल्मरचं तोंड एवढंसं झालं. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"आर्लीन, तुझ्या जंगलात एक वाट राखू का?"

"विचार करून सांगते," म्हणत ती पुढच्या खुंटाकडे वळली. "तोवर ती वरची फांदी काढ. माझा हात पोचत नाही."